बारानंतर पंधरा

४ सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी साडेनऊच्या सुमारास मी एका पुस्तकाचं पान कापलं.

सत्तावीस वर्षं झाली या वाचनालयात पुस्तकं शिवतोय. फाटलेली, भिजलेली, उंदरांनी कुरतडलेली. पान फाडणाऱ्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोललोय ते देवालाच ठाऊक. आणि आज मीच! बांधणीच्या खोलीचं दार लोटलं, लोखंडी मोजपट्टी टेकवली आणि सुरी ओढली. आवाजसुद्धा झाला नाही.

पुस्तक लहान मुलांचं आहे. साळिंदराचं पिल्लू साळू आणि त्याची आई. ग्रंथपाल बाईंनी मुलांच्या विभागात एक वेगळं कपाट केलंय, वर चिठ्ठी — ‘अवघड गोष्टी’. आजारपण, आईबाप वेगळे होणं, घर सोडावं लागणं, मरण. सगळं चित्रांत. कपाट आलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या गावच्या शाळेत चित्रांचं एकही पुस्तक नव्हतं. अवघड गोष्टींना मात्र तोटा नव्हता.

साळिंदराची शिवण सुटली म्हणून बाई स्वतः खाली घेऊन आल्या. म्हणाल्या, "काका, शिवून झालं की कपाटात ठेवायची घाई नको. आधी घरी न्या. नातीला वाचून दाखवा."

मी आधी चाळून पाहिलं. तेरावं पान सगळ्यात मळलेलं होतं. पोरं कुठे थांबतात ते मळावरून कळतं. त्या पानावर साळूची आई झाडाखाली पडलेली आहे. खाली चार ओळी. पहिल्या ओळीत तो शब्द आहे, तो मला इथेही लिहवत नाही. पुढे असं — ‘तिचा श्वास थांबला. तिला आता भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, काही दुखत नाही. ती झोपलेली नाही. ती उठणार नाही.’

हे मी भिंगरीला वाचून दाखवू?

भिंगरी पाच वर्षांची आहे. माझी लेक मे महिन्यात गेली, तिची ही मुलगी. नऊ दिवसांची कावीळ, आणि संपलं. पोरीला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. आमची ही, म्हणजे तिची आजी, तिला म्हणते, "आई देवाकडे गेलीय, बरं वाटलं की येईल." मीही त्यात माझी भर घातलीय.

पान काढलं, टेबलाच्या खणात पुठ्ठ्यांखाली सरकवलं. पुस्तक शिवून, पाठीला खळ लावून, पिशवीत घालून घरी आणलं. बारावर आई आजारी पडते, पंधरावर पिल्लू मावशीच्या बिळात राहायला जातं. वाचणाऱ्याला काही कळायचं नाही, असं मला वाटलं.


५ सप्टेंबर, बुधवार

कळलं!

बालवाडीत वीसपर्यंत आकडे शिकवलेत, ते मी विसरलोच. मी वाचतोय, ती मांडीवर बसून पानाच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवतेय. दहा. अकरा. बारा. मी पान उलटलं. बोट थांबलं.

"आबा, बारानंतर पंधरा?"

"असेल."

"असेल कसं? तेरा येतं. मग चौदा. तुला येत नाही?"

"छापणारे विसरले गं."

"मग त्यांना सांग ना." मग थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली. "आणि साळूची आई कुठंय?"

"आहे... तिकडे."

"कुठे तिकडे?"

आतून हिने हाक मारली, जेवायला चला. इतक्या वर्षांत हिच्या हाकेला मी इतका चटकन उठलो नसेन.


६ सप्टेंबर, गुरुवार

बालवाडीच्या बाईंनी बोलावून घेतलं. भिंगरी एका मुलीच्या गालाला चावली. रक्त आलं. त्या मुलीची आई दारातच उभी होती. "घरी काही वळण आहे की नाही?" म्हणाली. मी हात जोडले.

बालवाडीच्या बाई बऱ्या आहेत. बाजूला घेऊन म्हणाल्या, "आधी अशी नव्हती हो. आता रोज काहीतरी. कुणाचं चित्र फाड, कुणाला ढकल. आणखी एखादा आठवडा बघते, नाहीतर काही दिवस घरीच ठेवा."

येताना वाटेत विचारलं, "का चावलीस गं?"

"मी वाईट आहे."

रडत नव्हती. वर्गात पहिला नंबर आल्यासारखं सांगत होती.


८ सप्टेंबर, शनिवार

देवापुढच्या दिव्यात तिने पाणी ओतलं. विचारलं तर हो म्हणाली. हिने पाठीत धपाटा घातला. त्यावरही रडली नाही.


९ सप्टेंबर, रविवार

जावयाचा फोन आला. तो मालाच्या बोटीवर असतो, चार-चार महिने जमीन दिसत नाही. अंत्यविधीला पोचलाच नव्हता. मी चावण्याचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. मग म्हणालो, तिला आता खरं सांगायला पाहिजे. पलीकडे वारा वाजत होता. "तुम्ही सांगा आबा. माझ्याने होणार नाही." आणि रेंज गेली. खरंच गेली की त्याने ठेवला, कोण जाणे. दोष तरी कुणाला देऊ? मी तर पानच कापलं.

संध्याकाळी हिच्याजवळ विषय काढला. ही भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"पाच वर्षांची आहे ती!"

"म्हणून तर. रोज खिडकीत बसते. कधी येणार विचारते."

"विचारू दे. विचारता विचारता विसरेल. पोरं विसरतात."

"आणि नाही विसरली तर?"

"तुमचं काय जातंय हो! सांगून टाकाल आणि पिशवी उचलून कामावर जाल. दिवसभर तिला पदराखाली मी घेते. ती आई आई करत भिंतीला डोकं आपटेल तेव्हा तुम्ही तिकडे दाभण धरून बसलेले असाल."

यात खोटं काय आहे?

जरा वेळाने तीच म्हणाली, खालच्या आवाजात, "आणि आपण तोंडाने म्हटलं की मग... राहू दे. तुम्हाला नाही कळायचं."

मला कळलं होतं. निवडलेली भाजी आणि कचरा तिने एकाच ताटलीत टाकला होता.


११ सप्टेंबर, मंगळवार

आज पुस्तकातून एक पान गळून पडलं. मी न कापलेलं!

भिंगरी ते घेऊन पळत आली. "आबा, हे पान बघ, आपोआप निघालं. मी नाही फाडलं. शप्पथ! मी बाकीचं वाईट करते, पण हे नाही केलं."

तिसरं पान. साळू आणि त्याची आई तळ्याकाठी. साळू विचारतो, "आई, तुझे काटे सगळ्यांना टोचतात, मला का नाही टोचत?" आणि आई काटे मिटून घेते आणि त्याला पोटाशी धरते. पुस्तकातलं सगळ्यात सुंदर चित्र. पहिल्या दिवशी भिंगरीने हे तीनदा वाचायला लावलं होतं.

मी ते पान हातात घेऊन किती वेळ बसलो असेन! ही गोष्ट बांधणीत नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. शिवलेल्या पुस्तकात कुठलंही पान एकटं नसतं. एकच लांब कागद मधोमध दुमडलेला असतो, अर्धा पुढे, अर्धा मागे, आणि दोरा घडीतून जातो. तेरावं पान आणि तिसरं पान हा एकच कागद. एक काढायचंच असलं तर घडीपाशी त्याच पानाची बोटभर पट्टी शिल्लक ठेवतात, तिच्या आधारावर दुसरं टिकतं. मी पट्टी ठेवली नाही. का? तर भिंगरीच्या बोटाला लागली असती. कापल्याचं तिला कळू नये म्हणून अगदी शिवणीला लागून कापलं, आणि तिसऱ्या पानाला नुसती खळ लावून चिकटवून टाकलं. जाड कागद. आठवडाभर तरी कसं टिकलं!

दुपारी कामावर जीव लागेना. घरातल्या भिंती डोळ्यांपुढे येत होत्या. लेकीचे फोटो हिने मे महिन्यातच उतरवले. कपडे ट्रंकेत गेले. पिवळी छत्री शेजारी देऊन टाकली. पोरीला आठवण नको! लेक शीळ घालायची, आंघोळ करताना, एकदम बेसूर. मी ओरडायचो, "अगं, पाणी तापायच्या आधी पळून जाईल!" परवा भिंगरीने विचारलं, "आई शीळ कशी घालायची?" तर आम्ही दोघांनीही एकदमच "दूध पी" म्हटलं.

मरण लपवायला गेलो आणि लेकच लपवून बसलो. लिहायला नको वाटतं, पण तसंच झालंय.


१२ सप्टेंबर, बुधवार

लिहू की नको, असं करत दोन वेळा वही मिटली.

सकाळी आंघोळ करून देवापुढे बसलो. वात घातली, काडी ओढणार तेवढ्यात मागून भिंगरी आली आणि तिने माझं मनगट धरलं. दोन्ही हातांनी.

"आबा, नको लावू."

"का गं?"

"तू रोज दिवा लावतोस. रोज हात जोडतोस. खोटं बोलत नाहीस. तू त्याला आवडशील."

मला आधी उमगलंच नाही.

"आवडलास की तो नेईल ना तुला. आईला नेलं तसं. तूच म्हणालेलास."

हो. मीच म्हणालो होतो. मे महिन्यात, घर माणसांनी भरलेलं असताना, ती माझा सदरा ओढत होती, आई कुठंय, आई कुठंय. मी तिला उचलून घेतलं आणि म्हणालो, "तुझी आई फार चांगली होती ना, म्हणून ती देवाला आवडली. त्याने तिला आपल्याजवळ नेलं." माझी आई गेली तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, आणि मला त्याचा आधार वाटला होता. निदान आजवर मी तसं समजत आलो.

"म्हणून मी वाईट वागते," ती म्हणाली. "मी आजीला पण सांगितलं, तू पण कुणालातरी मार. ती ऐकतच नाही."

काडी हातात तशीच. ती माझ्याकडे बघत होती, मी ऐकतो की नाही ते. चार महिने या एवढ्याशा पोरीने एकटीने घराची राखण केली. चावून, ढकलून, दिव्यात पाणी ओतून. मार खाऊन! आणि आम्ही म्हणत होतो वळण नाही.

काडी पेटीत ठेवली. आज दिवा लावला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

देवा, तुझ्या नावावर मी या लेकराला काय सांगून बसलो!


१३ सप्टेंबर, गुरुवार

ग्रंथपाल बाईंकडे गेलो. पुस्तक, खणातलं पान आणि गळलेलं पान तिन्ही त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणालो, "हे मी केलं. काय ती शिक्षा करा."

बाईंनी आधी पान पाहिलं, मग मला. "तुम्ही? काका, तुम्ही तर कोपरा दुमडला तरी आठ दिवस बोलत नाही!"

मग सगळं सांगितलं. दिव्याचंही. बाई चष्मा पुसत बसल्या.

"माझ्या बहिणीच्या मुलाला ‘बाबा गेले’ असं सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तो रोज संध्याकाळी बसथांब्यावर जाऊन उभा राहायचा. आम्हाला वाटायचं खेळायला जातो. दीड महिन्याने कंडक्टरने आणून सोडला. गेले म्हणजे येणारच ना! तेव्हापासून मी ही पुस्तकं मागवायला लागले. त्यात शब्द बोचरा असतो, पण एकाच अर्थाचा असतो."

"ती मोडून पडेल हो."

"रडेल. खूप रडेल. मग तुम्ही तिथे असा. पुस्तक नुसतं पुढे करून उठू नका."

निघताना म्हणाल्या, "दंड आहेच. पान नीट जोडून द्या. सोमवारी एक आजोबा नेणार आहेत ते, त्यांचा नातू वाट बघतोय." आणखी एक पोर, आणखी एक म्हातारा! मी पुस्तक काखेत मारून खाली आलो.

दुपारभर आमचे गुरुजी आठवत होते. दुसरीत होतो. आमच्या बाकावरचा एक मुलगा विहिरीत बुडाला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी हजेरी घेतली. त्याच्या नावाशी आले आणि थांबले. आम्ही श्वास धरून. मग त्यांनी त्याचं नाव मोठ्याने, नेहमीसारखं पुकारलं. कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. गुरुजी म्हणाले, "तो मेला, मुलांनो. तो आता शाळेत येणार नाही. मी त्याचं नाव उद्यापासून पुकारणार नाही, पण तुम्ही बोला त्याच्याबद्दल. हवं तेवढं बोला." आणि खुर्चीवर बसून रडले. इतका मोठा माणूस, आमच्यासमोर! त्या दिवशी आम्ही अख्खा दिवस त्या मुलाबद्दल बोललो. तो पेरू कसे चोरायचा, पाढे कसे चुकायचा.

त्यांच्याकडे चित्रांचं पुस्तक नव्हतं. हजेरीपट होता.


१५ सप्टेंबर, शनिवार

पानं जोडली. पातळ चिवट कागदाची पट्टी कापली, तेरावं आणि तिसरं तिच्या दोन कडांना चिकटवून पुन्हा एक कागद केला. दाबाखाली ठेवला. दुपारी पूर्ण शिवण उसवली, घडीत दाभणाने नवी भोकं पाडली आणि मेण लावलेल्या दोऱ्याने शिवलं. सांधा दिसतो. तो लपवायचा प्रयत्न केला नाही.

घरी येऊन हिला म्हणालो, "उद्या सांगणार आहे."

"मी नाही सांगणार."

"तू नको सांगू. नुसती जवळ बस."

"मी घरातच थांबणार नाही. सकाळीच बाहेर जाईन."

मग मी हिला दिव्याची गोष्ट सांगितली. इतके दिवस सांगायचा धीर झाला नव्हता. ही ऐकत गेली, ऐकत गेली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मला म्हणायची हो," ही म्हणाली. "आजी, कुणालातरी मार म्हणायची. मला वाटायचं खेळतेय."

मग उठून आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मी बघायला गेलो नाही.

माझी अडचण मात्र सुटलेली नाही. तेरावं पान वाचेन, शब्दही तोंडातून निघेल. पण ती विचारणार, देवाने नेलं ना? आणि मला नाही म्हणावं लागेल. जन्मभर ज्याच्या पायाशी सगळं ठेवलं, त्याच्या हातून हे घडलं नाही असं मला कोण सांगणार? मला ठाऊक नाही. गुडघे टेकून विचारलं, तरी कळलं नाही. पण ती मनगट धरून उभी होती, ते डोळ्यांपुढून जात नाही. त्याला माझ्या दिव्याची गरज असेल-नसेल. तिला त्याची भीती वाटता कामा नये, एवढं नक्की.


१६ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

सकाळी दहाला, खिडकीपाशी, मांडीवर घेऊन. ही बाहेर गेली नव्हती, आत नळ सोडून भांडी घासत होती. बारानंतर तेरा आलं तेव्हा भिंगरीने टाळी वाजवली. मी चारही ओळी वाचल्या. मग म्हणालो, "तुझी आई पण मेली. कावीळ झाली होती, तिचं शरीर बंद पडलं. ती येणार नाही." नळ बंद झाला.

"देवाने नेलं ना?"

"नाही. मी चुकीचं सांगितलं होतं. ती चांगली होती म्हणून मेली नाही. आजारी होती म्हणून मेली."

रडली. हिच्या ओल्या हातांत शिरून खूप वेळ रडली. आम्ही तिघंही. मग हुंदके जरा थांबले, तिने नाक पुसलं आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं —

"मग आबा, आता मी चांगलं वागले तरी चालेल?"